बारावी कवळी

"आप्पा, नाकानं श्वास घ्या. झालंच, झालंच," बुद्धप्रिया म्हणाली आणि तिनं आप्पांच्या तोंडात मापाचा गुलाबी लगदा दाबून धरला.

सिद्रामप्पांना हे शिकवायची काही गरज नव्हती. लातूरच्या या दंत विभागात अकरा पोरापोरींनी त्यांच्या तोंडाची मापं घेतली होती, आणि अकराच्या अकरा परीक्षेत पास झाली होती. तोंडात नावाला दात नाही, वरची हिरडी भरदार आणि पेशंट म्हणजे गरीब गाय. परीक्षेला असा माणूस मिळावा म्हणून विद्यार्थी देव पाण्यात घालून बसत. त्या अकरा कवळ्या जळकोटला घरी पत्र्याच्या डब्यात पडून होत्या. आप्पा जेवायचे ते बिनदाताचेच, भाकरी वरणात कुस्करून. कवळी त्यांना नकोच होती, हवं होतं ते बोलावणं. चाळीस वर्षं आडत बाजारात मापाडी म्हणून धान्याच्या राशी मोजलेला माणूस. आता कुणी कशालाच बोलवत नव्हतं. "आप्पा, या" असा फोन आला की कपाळाला विभूती लावून ते पहिली एसटी धरत.

ही बारावी मात्र इथली नव्हती. नांदेडच्या कॉलेजात डॉक्टर झालेली, तिथंच इंटर्नशिप करणारी मुखेडची पोर. कवळ्या बनवायच्या शाखेत पुढं शिकावं का, हे बघायला पंधरा दिवसांसाठी इथं आली होती. बापानं मुखेडला दवाखान्यासाठी गाळा बघून ठेवलेला. इथल्या विभागप्रमुख मॅडमनं "हिच्या हातात कसब आहे" असं म्हटलं, तरच आणखी तीन वर्षं शिकू देणार. आणि मॅडमनं परीक्षा म्हणून तिच्या हवाली केले होते आप्पा.

"तुमच्या बरोबरचे समदे दाताला तारा लावायचं शिकतेत. तुला हेच कामून गं माय?" आप्पांनी लगदा निघाल्यावर विचारलं.

"आप्पा, तारा लावल्यावर माणूस सुंदर दिसतो. कवळी लावल्यावर जेवतो," ती म्हणाली आणि स्वतःच लाजली. "मला जेवणारं माणूस बघायला लई आवडतं."

आप्पांना पोर आवडली. हिला पास करायचंच, असं त्यांनी तिथंच ठरवलं.

आता पास करणं त्यांच्या हातात कसं, तर ऐका. गेल्या चार-पाच सालांत त्यांची खालची हिरडी झिजून पार सपाट झाली होती. कवळी तिच्यावर ठरायची नाही. पण आप्पा मुरलेले! जिभेच्या शेंड्यानं पुढून आणि गालांनी दोन्हीकडून ते कवळी अशी धरून ठेवायचे की तपासणाऱ्यानं बोटानं ओढली तरी हलू नये. वर विचारलंच, तर उत्तर ठरलेलं, "झकास बसली!" पोरं आनंदानं पाया पडायची. यात पाप आहे हे आप्पांच्या मनालाही कधी शिवलं नाही.

मेणावर दात लावून बघायच्या दिवशी मात्र घोटाळा झाला. बुद्धप्रियानं मेणाची कवळी तोंडात बसवली, खुर्ची मागं झुकवली आणि ती कागदावर काही लिहीत राहिली. खिडकीतून कोवळं ऊन येत होतं. मेणाचा गोडसर वास, लवंगेचा वास, कुठंतरी नळाची बारीक धार. आप्पांचे डोळे मिटले.

आडत बाजारात, मोंढ्यात ज्वारीची रास पडली होती. उन्हात सोनेरी धूळ तरंगत होती, इतकी की समोरचं दुकान दिसेना. आप्पा मापं टाकत होते. लाभ (पहिल्या मापाला एक नाही, लाभच म्हणायचं), दोन, तीन... रास काही कमी होत नव्हती, आणि ती कमी व्हावी असं त्यांना वाटतही नव्हतं. पलीकडं पोत्याचं तोंड धरून त्यांची बायको रत्नम्मा उभी होती, लग्नातल्या वयाची. ती काहीतरी बोलून हसत होती. ऐकू येत नव्हतं, पण हसणं दिसत होतं. आप्पांचं अंग सैल पडलं, हात सैल पडले, जीभही सैल पडली.

"आप्पा! ओ आप्पा!"

डोळे उघडले, तर खालची मेणाची कवळी सुटून ओठावर आलेली. बुद्धप्रिया त्यांच्याकडं टक लावून बघत होती.

"तुम्ही जिभेनं धरून राहिलात ना इतका वेळ?"

आप्पा ओशाळले. "तुझं भलं व्हावं म्हनून, माय. मॅडमला कळत न्हाई. कुनालाच कळलं न्हाई."

"मला कळायला पाहिजे ना पण!" तिचा आवाज चढला, मग डोळे भरले. "उद्या तुमच्यासारखीच आजी मुखेडला येईल. ती काय जीभ लावून जेवणार हाय का? आप्पा, पाया पडते. मॅडम तपासतील तेव्हा धरू नका. जे हाय ते दिसू द्या."

पुढचे दिवस तिनं कवळी घासली, भरली, पुन्हा घासली. शेवटच्या दिवशी पक्की कवळी घेऊन ती मॅडमची वाट बघत उभी राहिली.

अंबिका मॅडम आल्या. विभागप्रमुख. त्यांचा शब्द म्हणजे शब्द. त्यांनी आप्पांच्या खालच्या कवळीला बोट लावलं, आणि आप्पांची जीभ सवयीनं आपोआप उठली. कवळी जागची हलली नाही.

"उत्तम," मॅडम म्हणाल्या. "खूप छान बसली."

झालं होतं की सगळं! आप्पांनी बुद्धप्रियाकडं बघितलं. तिनं मान खाली घातली होती. घरचं कुणीतरी गेल्यासारखा चेहरा.  आप्पांनी डोळे मिटले आणि मोठ्या कष्टानं जीभ खाली सोडली. कवळी सुटून वर आली.

"हे काय?" मॅडम चमकल्या. "आत्ता तर बसली होती."

आप्पांनी कवळी काढून हातात घेतली. "म्यां धरली हुती, मॅडम. चार-पाच साल झाले, मीच धरून राहिलो. हिरडी ऱ्हायलीच न्हाई. पोरीनं सांगितलं हुतं, धरू नका म्हनून. तिची चूक न्हाई."

मॅडमनी ती कवळी घेऊन उलटसुलट करून बघितली. मग म्हणाल्या, "आप्पा, मग आता तुम्हाला परीक्षेला नाही बोलावता यायचं."

"हाव," आप्पा म्हणाले. जळकोटचं घर, दुपार आणि न वाजणारा फोन त्यांच्या डोळ्यांपुढून गेला. 

मॅडमनी हळूच विचारलं, "आणि माझी, आप्पा?"

कारण विद्यार्थिनी असताना अकरांतली पहिली कवळी त्यांनीच केली होती. आप्पांना आठवलं. दोन वेण्या, सकाळपासून पोटात काही नाही. हिरडी तेव्हा दगडासारखी होती, तरीही ती कवळी अकरांत सगळ्यांत ढिली. आप्पा जीभ लावायला शिकले, ते त्या दिवशीच.

"तुमची?" आप्पा म्हणाले. "तुमची झकास बसली हुती."

 मॅडमना कळायचं ते कळलं होतं. त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला.

"बुद्धप्रिया, वडिलांना फोन कर. तीन वर्षं लागतील म्हणावं, मी सांगितलंय. आणि आणखी आठ दिवस थांब, तुमच्या कॉलेजला मी पत्र देते. सपाट हिरडीवर कवळी कशी ठरवायची, ते दोघी बघू."

मग त्यांनी कोपऱ्यातलं विद्यार्थ्यांचं बुटकं स्टूल ओढलं, हातमोजे चढवले आणि आप्पांच्या शेजारी बसल्या. त्या स्टुलावर त्यांना बसलेलं विभागात कुणीच पाहिलेलं नव्हतं.

"आप्पा, ही परीक्षेची नाही. ही तुम्हाला जेवायला," त्या म्हणाल्या. "तोंड उघडा. आणि काही धरू नका."

आप्पांनी तोंड उघडलं.