माझ्या पोटातली चौदाशे कॉमिक्स

मित्रांनो, मी एक जुना पेटीचा पलंग आहे. पलंग म्हटलं की तुम्हाला आराम आठवत असेल. मला आठवत नाही. चाळीस वर्षं माणसं माझ्यावर आडवी झाली, "हुश्श" म्हणाली, घोरली आणि उठून कामाला गेली. पण "तूही जरा पाठ टेक" असं मला आजवर कुणी म्हटलेलं नाही. तक्रार नाही. नुसतं सांगून ठेवतो.

मला एका सुताराने एका शिंप्यासाठी बनवलं. घर दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत दुकान, मागच्या खोलीत संसार. शिंप्याने स्वतःच्या टेपने माझी जागा मोजली आणि सुताराला बजावलं, "पोट मोठं ठेव. पाय नकोत, पायांत जागा फुकट जाते." म्हणून मी जन्मल्यापासून जमिनीला पोट टेकून आहे. आधी माझ्यात पांघरुणं होती, कापडाचे तुकडे होते. मग शिंप्याला दोन मुलं झाली आणि माझ्यात कॉमिक्स शिरली.

थोरल्याला सगळे दादा म्हणायचे, धाकटीला चिमी. भांडणं नकोत म्हणून शिंपी दर आठवड्याला दोन अंक आणायचा, एकेकाला एकेक. त्यामुळे भांडणं दुप्पट झाली. दोघांनाही कायम दुसऱ्याच्या हातातलंच हवं असायचं. ओढाओढीत स्टेपलच्या पिना निघायच्या आणि पानं घरभर व्हायची. शेवटी शिंपी वैतागला. त्याने पिना उपटल्या, अंक मशीनखाली धरला आणि मधोमध सरळ टीप मारली. मशीनवर त्या वेळी जो दोरा असेल तो. गणवेश चालू असेल तर निळा, कुणाचा कोट असेल तर काळा. मग त्याने अंक झटकून मुलांपुढे धरला. "ओढा आता!"

मुलांनी मनापासून ओढला. पानं हलली नाहीत. त्या दिवसापासून घरात येणारा प्रत्येक अंक आधी मशीनखाली जायचा आणि मग वाचला जायचा.

ते दिवस माझ्या कौतुकाचे होते. येणाऱ्या-जाणाऱ्याला माझी फळी उचलून दाखवत. फक्त अंक काढायचा तर वर झोपलेल्याला उठवावं लागे. "बाबा, उठा ना! तुमच्या पाठीखाली शेवटचा भाग आहे." ताप आलेल्या बापाला मुलांनी असं उठवलेलं मी अनुभवलंय. तोही उठायचा, फळी उचलायला मदत करायचा आणि परत पडायचा.

चौदा वर्षांत चौदाशे अंक झाले. मग मुलं मोठी झाली. चिमी नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेली. दादा लिफ्ट दुरुस्त करायला शिकला. शिंपी सवयीने आणखी चार महिने अंक आणत राहिला. ओढायला कुणी नव्हतं, म्हणून ते शिवले नाहीत. तसेच माझ्यात ठेवून दिले. पुढे तेही थांबलं. एक दिवस शिंपीही गेला. पंधरा-वीस वर्षं माझी फळी कुणी उचलली नाही. वाचणं सगळ्यांनी सोडलं, वाहणं मात्र माझ्याकडे राहिलं.

गेल्या वर्षी आई, म्हणजे शिंप्याची बायको, ओल्या फरशीवर घसरली. खुब्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, पलंग उंच हवा. एवढ्या खालून त्यांना उठता येणार नाही. खरंच येईना. रजा काढून घरी राहिलेला दादा दोन्ही हात धरून "एक, दोन, तीन" म्हणत तिला ओढायचा. दिवसाला आठ वेळा. मग आईने पाणी पिणंच कमी केलं, म्हणजे उठावं लागायला नको. दादाच्या हे आठवड्याने लक्षात आलं, आणि तो पाण्याचा तांब्या भरून माझ्या काठावर येऊन बसला.

"आई, नवा पलंग आणतो."

"आण. तू झोप त्याच्यावर. मला याच्यावरच झोप लागते."

लोखंडी पाय लावून मला उंच करता येईल का, हे पाहायला वेल्डर आला. त्याने मला एका कोपऱ्यातून उचलून बघितलं आणि कंबर धरली. "यात काय दगड भरलेत? आधी रिकामा करा. एवढ्या वजनासकट उंच केला आणि कलंडला, तर पडणार तुमची आई आणि नाव माझं."

कॉमिक्स विकायची ठरली. दादाने चिमीला फोन केला.

"वेडबिड लागलंय का दादा? बाबांची कॉमिक्स विकणार?"

"मग तू घेऊन जा."

"माझ्याकडे जागा कुठेय?"

"माझ्याकडे तरी कुठेय?"

"आहे की! आईच्या खाली!"

एवढ्यावर बोलणं संपलं. फोन ठेवताना चिमीने एक अट घातली, की अंक फोडून विकायचे नाहीत, सगळे एकाच घरी गेले पाहिजेत. घरात जागा नसलेल्या माणसांना अशा अटी छान सुचतात.

दादा दिवसभर लोकांच्या लिफ्टमध्येच असतो. दुरुस्त केलेल्या प्रत्येक लिफ्टमध्ये त्याने चिठ्ठी चिकटवली: 'चौदाशे जुनी कॉमिक्स विकणे आहे.' लिफ्ट अडकली की वाचायला दुसरं काही नसतं, त्यामुळे चिठ्ठी बऱ्याच जणांनी अगदी लक्ष देऊन वाचली.

पहिला आला एक संग्राहक. पांढरे हातमोजे घालून आला होता. आईला वाटलं डॉक्टर आहे. तिने पाय पुढे केला. त्याने अंक उचलला, मधलं पान उघडलं आणि त्याचा चेहरा पडला.

"पिना कुठे आहेत?"

"काढल्या. बाबांनी मशीनवर शिवलेत," दादा अभिमानाने म्हणाला.

"सगळे?"

"सगळे."

संग्राहक माझ्यावरच बसला. जुन्या अंकाला मूळ पिना नसतील तर तो रद्दी, असं त्याने हळू आवाजात सांगितलं. घरात कुणी गेल्यावर सांगतात तसं. तेवढ्यात त्याच्या हातातल्या अंकात त्याला आणखी एक गोष्ट दिसली. "आणि हे काय? गुप्तहेर बोटीत चढतोय आणि पुढच्या पानावर घोड्यावरून उतरतोय?"

शिंप्याने एके दिवशी दोन अंकांच्या पिना एकदम उपटल्या होत्या आणि चुकून मधली पानं अदलाबदल करून शिवली होती. पोरांनी ती गोष्ट तशीच खरी मानली. तीच खरी म्हणून भांडताना दादाने शाळेच्या मैदानात मारही खाल्ला होता. खरं काय ते पुढे दोघांना कळलं, पण बापाला कुणी सांगितलं नाही.

दादाने संग्राहकाकडे शांतपणे पाहिलं. "घोडा बोटीतच होता," तो म्हणाला.

संग्राहकाने तळाशी जाऊन न शिवलेले एकतीस अंक शोधून काढले. एकदम कोरे, पिनांसकट. त्यांच्यासाठी तो खुशीने पैसे मोजायला तयार झाला. मित्रांनो, गंमत पाहा. जे कुणी वाचलेच नाहीत, तेच उत्तम ठरले! दादाला चिमीची अट आठवली. त्याने क्षणभर डोळे मिटले आणि तो म्हणाला, "न्या. ते आमचे नव्हतेच." माझे लोखंडी पाय त्यातून आले.

पण उरलेल्यांचं ओझं होतंच. दोन दिवस दादा चिडून बोलत होता. "बाबांनी शिवून वाट लावली. आता रद्दीवाल्याला बोलावतो." आई भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. रद्दीवाला शनिवारी येणार होता. शुक्रवारी दुपारी मुलांचं वाचनालय चालवणाऱ्या एक बाई आल्या. तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये पाऊण तास अडकल्यामुळे चिठ्ठी त्यांना तोंडपाठ होती.

त्यांनी अंक एका पानाला धरला आणि धुणं झटकावं तसा झटकला. पान सुटलं नाही. दुसरा झटकला. तिसरा.

"कुणी शिवले हो?"

"बाबांनी. पिना नाहीत त्यांना," दादाने आधीच कबूल करून टाकलं.

"नाहीतच पाहिजेत. आमच्याकडे पिनांचा अंक महिनाभरात सुटा होतो. मग मी सुई-दोरा घेऊन बसते, बोटं सोलतात." त्यांनी निळी टीप अंगठ्याने चाचपली. "असा हात हवा. सगळे द्या, निवडत बसत नाही मी."

आईने मान वळवली. "मुलं फाडतील का?"

"फाडतील की, आजी. मुलंच ती."

"फाटले तर इकडे पाठवा. टीप मारून देईन."

"आधी उभी तर राहा," दादा म्हणाला. पण तो हसत होता. बऱ्याच दिवसांनी.

मी रिकामा झालो. वेल्डरने मला चार पाय लावले. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या पोटाखालून वारा गेला. फार बरं वाटलं, आणि थोडं भकासही वाटलं. ओझ्याचीसुद्धा सवय होते.

पंधरवड्याने चिमी रजा काढून आली. आल्या आल्या तिने भावाला फैलावर घेतलं आणि अंक धड ठेवलेत की नाही ते पाहायला वाचनालयात गेली. परत आली ती सभासद होऊन, दोन अंक घेऊन. सात दिवसांत परत करायचे होते. घरचे होते तेव्हा वीस वर्षं तिने त्यांना हात लावला नव्हता. आता जेवतानाही खाली ठेवत नव्हती. दादाने दुसरा अंक उचलला, तर म्हणाली, "तो माझ्या नावावर आहे!"

"दे गं! तुझं होईपर्यंत बघतो."

"हात धुऊन ये आधी!"

मित्रांनो, माझं तुमच्याकडे एवढंच मागणं आहे. आवडीच्या वस्तू जरूर ठेवा, पण नुसत्या ठेवू नका. अधूनमधून फळी उचला, वाचा, ओढा, फाटलं तर शिवा. आणि ते जमणार नसेल, तर जो ओढेल त्याला देऊन टाका. खालच्याचाही थोडा विचार करा. तो बोलत नाही म्हणून थकत नाही असं नाही.

त्या दुपारी बहीण-भाऊ माझ्या दोन टोकांना बसून, एकमेकांच्या अंकात डोकावत वाचत होते. मध्ये आई पडली होती. तिने कूस बदलली, पाय खाली सोडले, माझ्या काठावर तळहात दाबला आणि स्वतःची स्वतः उठून उभी राहिली. पोरांनी वर पाहिलंसुद्धा नाही. मला मात्र कळलं, कारण तिचं वजन माझ्यावरून सबंध उतरलं होतं.