पाचव्या मजल्यावरची ऊब

रशियातल्या पेर्म शहरातल्या त्या नऊ मजली इमारतीत, चौथ्या मजल्यावर, ल्युबोव झाखारोव्नाची, म्हणजे ल्युबाची, न्हाणी इतकी गार होती की गेल्या जानेवारीत ओला टॉवेल गोठून दाराशी ताठ उभा राहिला आणि तिच्या नवऱ्याने, केशाने, त्याला पाहुणा समजून आत बोलावलं, चहाचं विचारलं. यात खोटं असलंच तर इतकंच, की त्याने चहाचं विचारलं नव्हतं.

हसण्यावारी न्यायची गोष्ट मात्र नव्हती. फेब्रुवारीत आंघोळीनंतर केशाला थंडी भरली ती न्यूमोनिया होऊनच थांबली. डॉक्टरीणबाईंनी ल्युबाला कोपऱ्यात घेऊन सांगितलं, "आणखी एकदा असं झालं तर छाती तग धरायची नाही." तेव्हापासून ल्युबाच्या डोक्यात एकच गोष्ट होती: बर्फ पडायच्या आत न्हाणी तापली पाहिजे.

खोली गरम पाण्याने तापवणाऱ्या रेडिएटरचा निकाल लवकर लागला. केशाचा जन्म बॉयलर सांभाळण्यात गेलेला. दुकानातला पातळ पांढरा रेडिएटर बघून तो म्हणाला, "ल्युबा, हा रेडिएटर आहे की फ्रिजचं दार? बिडाचाच घे." बिडाचाच घेतला.

न्हाणी तापते ती मात्र गरम पाणी खेळणाऱ्या, टॉवेल वाळवायच्या दांडीने, आणि या दांड्यांनी तिचा जीव काढला. वळणाची, शिडीची, फळीवाली, सहा पायऱ्यांची, दहा पायऱ्यांची. तीन आठवडे, चौदा दुकानं. गुडघे असे झाले की ट्राममध्ये जागा मिळाली तर उतरायचा थांबा जाऊ द्यावासा वाटे.

"सगळ्यात जास्त तापणारी कुठली गं?" ती दुकानातल्या पोरीला विचारी.

"आजी, तापणं तुमच्या पाइपातल्या पाण्यावर. ही बघा, दिसायला किती छान!"

ल्युबाने दहा पायऱ्यांची घेतली. तिसऱ्या मजल्यावरच्यांनी दोनदा दांडी बदलली होती, दुसऱ्या मजल्यावरच्यांनी तर कुंपणाएवढी बसवली होती, तरी दोघांकडे गारठा. प्रत्येकाला वाटे, आपलीच दांडी गंजाने तुंबली.

नवी दांडी जोडण्यासाठी, सगळ्या मजल्यांतून खाली येणारा गरम पाण्याचा उभा पाइप गुरुवारी दहा ते दोन रिकामा करायची परवानगी मिळाली. प्लंबर मिन्गाली साडेनऊलाच आला. त्याने नव्या दांडीकडे पाहिलंही नाही. छतातून उतरणाऱ्या पाइपाला हात लावला आणि हात तसाच ठेवून उभा राहिला.

"झाखारोव्ना, पाणी इथं येतानाच कोमट आहे. दांडी सोन्याची लावा, काय होणार? नवव्या मजल्यावरून कढत निघालेल्या पाण्याची ऊब मध्येच कुणीतरी पितंय. वर कोण राहतं?"

वर, पाचव्या मजल्यावर, राहायचा विताली, लग्नांचे फोटो काढणारा. दार उघडलं तर अनवाणी, अर्ध्या चड्डीत. मागे चकचकीत फरशी आणि तिच्यावर वितळल्यासारखं पसरलेलं मांजर.

मिन्गाली खाली वाकला, फरशीला तळवा लावला. "फरशीखालून नळी फिरवलीयस. ह्याच पाइपातून."

"मग? पाइप सगळ्यांचाच आहे ना?"

"म्हणूनच तो तुझ्या तळपायांसाठी नाही, राजा. चोरून केलंयस. काढावं लागेल."

"फरशी फोडून? पुढच्या उन्हाळ्यात बघू."

ल्युबाकडे भांडायचंही बळ उरलं नव्हतं. ती भिंतीला टेकली. तेवढ्यात जिन्यातून धापा टाकत केशा आला, बायकोला शोधत. चपला काढल्या, एक पाऊल आत टाकलं आणि थबकला.

"ल्युबा! अगं, इथं तर उन्हाळा आहे!"

आणि तो चक्क मांजराशेजारी आडवा झाला.

"काका, उठा!"

"फेब्रुवारीत दवाखान्यात होतो मी, बाळ. जराशी पाठ शेकतो." मग त्याने बॉयलरच्या गोष्टी सुरू केल्या. एका हिवाळ्यात शिट्टीतून निघालेली वाफ आवाजासकट गोठली आणि मार्चमध्ये वितळून वाजली, इथपासून. अकरा वाजले, बारा वाजले. मिन्गालीने पाइप केव्हाच रिकामा केला होता, पण फरशीने ऊब सोडली नाही आणि केशाने फरशी. तो मध्येमध्ये खोकायचा. खोकला खराच होता. विताली आधी वैतागला. शेवटी खोकल्याची एक उबळ थांबेचना, तेव्हा त्याने स्वतःच पाणी आणून दिलं.

"खाली खरंच इतकं गार असतं?" त्याने ल्युबाला विचारलं.

"असतं," ती म्हणाली.

सव्वा वाजता वितालीने होकाराची मान हलवली. फरशी फोडावी लागली नाही. मिन्गालीने नळीची दोन्ही तोंडं पाइपाशीच कापून बुचं बसवली, खाली येऊन दांडी जोडली. दोनला पाणी सोडलं.

ल्युबा टबाच्या काठावर बसली, दांडीवर हात ठेवून. एक पायरी, दोन पायऱ्या, करत करत दहाही तापल्या. हात भाजायला लागला तरी तिने काढला नाही.

"ल्युबा, जेवायचं काय?" बाहेरून केशाने विचारलं.

"बटाटे उकड," ती म्हणाली. "मी आज इथून उठत नाही."