बळीरामचं ‘हो’

उकंडा बोलायला लागला की मथुराबाईला थुंकावंसं वाटे. सख्खा धाकटा दीर, म्हणून ती गिळायची. भावाच्या सभेत सतरंजी अंथरण्यापलीकडे ज्याला जन्मात काही जमलं नाही, तो आता भावाचं तोंड होऊन मिरवत होता.

तिच्या नवऱ्याची, बळीरामची, वाचा माघात गेली. घाटंजीजवळच्या त्यांच्या वस्तीनं छप्पन साली धम्म घेतला, तेव्हापासून वस्तीच्या वतीनं तोच बोलायचा. एका सकाळी तो न्हाणीपाशी कोसळला. उजवं अंग लुळं पडलं आणि जिभेवर एकच शब्द उरला. पाणी देऊ? हो. दुखते? हो. भूक नाही? हो.

यवतमाळच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, “बाई, मेंदूत रक्त अडकलं. बोलण्याची जागा दुखावली. अक्कल शाबूत आहे, ऐकलेलंही समजतं. पण मनात एक असलं तरी तोंडातून दुसरंच निघेल. तोंडाकडे पाहू नका, डाव्या हाताकडे पाहा.”

उकंडाही तिथंच उभा होता. त्याच्या डोक्यात काही शिरलं नाही. शिरायला वाट तर हवी.

वस्तीत परतल्यावर तो बळीरामच्या खाटेपाशी बसूनच सांगायचा, “दादा येडा झाला,” जणू खाटेवर माणूस नाही, लंगडा बैल बांधलाय. मग त्यानं नवंच काढलं. जुने देव सोडले म्हणून हे झालं, मरीमाय परत बसवली पाहिजे. लिंबाखाली सगळे जमले. बळीरामलाही खाटेसकट आणलं.

“म्या दादाले इचारलं, मरीमाय बसवाची काय? दादा म्हणे, हो,” उकंडानं सांगितलं.

“बळीरामच म्हणते त मंग...” म्हणत म्हाताऱ्यांनी माना हलवल्या. छप्पन साली ह्याच माना धम्मासाठी हलल्या होत्या. बळीराम डाव्या हातानं खाटेची कड बडवत होता. तिकडे कोणी पाहीना.

मथुराबाई उठली. “भाऊजी, मीबी दोन गोष्टी इचारतो.”

“इचारा ना, वयनी.”

ती नवऱ्याकडे वळली. “हा उकंडा तुमचा बाप होय काय?”

“हो,” बळीराम म्हणाला.

“आन तुमी म्हैस?”

“हो.”

बाया पदराआड हसल्या. उकंडाचं तोंड उतरलं.

“तोंडाचं ऐकाल त हे असं,” मथुराबाई म्हणाली. “हात पाहा. सांगा हो, मरीमाय बसवाची?”

“हो, हो,” बळीराम म्हणत होता, पण डावा हात ‘नाही, नाही’ म्हणून हलत होता.

“धम्मात राहाचं?”

तोच हात छातीवर टेकला. डोळ्यांतून पाणी आलं.

उकंडा पुटपुटला, “म्या त दादाच्या भल्यासाठी...”

“भलं कराचं असन त रोज सकाळी यायले परसाकडं नेत जा,” ती म्हणाली. “त्या कामाले भाषण लागत नाही.”

तो नेऊ लागला. नाक मुरडत, पण नेऊ लागला. मरीमायचं नाव पुन्हा निघालं नाही. पावसाळा सरेस्तोवर बळीरामला ‘भाकर’ आणि ‘मथुरा’ एवढं म्हणता येऊ लागलं, त्यापुढे फारसं नाही. भेटायला येणारे मात्र त्याच्या कानाशी ओरडायचे, जणू वाचा गेली म्हणजे कानही गेले. मथुराबाई ज्वारी निवडता निवडता वर न पाहता म्हणायची, “हळू बोला. बहिरे ते नोहे.”