सहा बाटल्या खोबरेल

"तुझा विश्वास बसणार नाही, पण आमची गाडी कशेडी घाट खोबरेल तेलावर चढलीय," मी चेतनाच्या पायांना सांगितलं.

पायांनाच, कारण बाकीची चेतना तिच्या निळ्या गाडीखाली पुठ्ठ्यावर उताणी पडली होती. पुढची दोन चाकं मी माझ्या लाकडी, उतरत्या फळ्यांवर चढवून दिली होती, हँडब्रेक ओढला होता, मागच्या चाकांना विटा लावल्या होत्या.

"खोबरेल म्हणजे डोक्याला लावायचं?" गाडीखालून आवाज आला.

"डोक्याचं, आमटीचं, सगळं एकच. आमच्याकडे भेद नाही. सहा बाटल्या ओतल्या."

"मागच्या टायमाला चार होत्या," वॉचमन अंबादास खुर्चीवरून म्हणाला.

"मागच्या टायमाला तू मधेच गेट उघडायला गेलास. दोन तेव्हा ओतल्या."

अंबादास हसला. ही गोष्ट त्याने माझ्याकडून वर्षातून दोनदा तरी ऐकलेली आहे, एकदा उन्हाळ्यात, एकदा दिवाळीच्या आधी. आमच्या नाहूरच्या सोसायटीत स्वतःच्या गाडीचं ऑइल स्वतः बदलणारा मी एकटाच, आणि ऑइल बदलायचं म्हणजे तोंडाला काम नसतं. विक्रोळीच्या कंपनीत मी एकतीस वर्षं फिटर होतो. तिथे मशिनच्या आवाजात बोलता यायचं नाही. ते सगळं साठलेलं रिटायर झाल्यावर बाहेर येतंय, असं माझी बायको सुगंधा म्हणते. ती जिन्याच्या खालच्या पायरीवर परात घेऊन भिजवलेले वाल सोलत बसली होती. गोष्ट चालू झाली की ती मान वर करत नाही.

त्या शनिवारी मुळात ऑइल बदलायचं ठरलं नव्हतं. तिसऱ्या मजल्यावरची चेतना सकाळी साडेनऊला बॅग घेऊन खाली आली ती सिन्नरला निघाली होती. तिच्या आईला, सुंदराबाईंना, गुरुवारपासून बरं नव्हतं. बीपी वाढलेलं, घरीच सलाईन लावलेलं. चेतनाला वाटलं, दोन दिवस जाऊन यावं. डिकीत बॅग टाकताना तिला तो नवीन ऑइलचा कॅन आणि फिल्टर दिसला. दोन महिने तसाच पडला होता.

"काका, ऑइल जरा बघता का? निघायच्या आधी?"

मी पट्टी बाहेर ओढली, फडक्याने पुसली, परत घातली, परत काढली. तेल काळं झालं होतं, डांबरासारखं. पट्टीवरच्या वरच्या खुणेला मात्र व्यवस्थित टेकलेलं होतं, म्हणजे पुरेसं होतं. हे दुसरं मी बोललो नाही. फिटरला विचारलं की फिटर काहीतरी काढतोच.

"ह्या तेलावर तू कसारा चढणार नाहीस," मी म्हणालो.

"काय सांगता? वाट लागेल ना मग."

"एक तासाचं काम आहे गं. बदलून नीघ. बिनघोर जाशील."

तिने घड्याळ बघितलं. मग म्हणाली, "चालेल. पण मीच करणार. गाडी माझी आहे, तुम्ही फक्त सांगा."

मला ही पोरगी आवडते ती ह्यासाठी. घाटकोपरला इन्शुरन्सच्या ऑफिसात बसते, पण हात काळे करायला लाजत नाही.

इंजिन पाच मिनिटं चालवलं, म्हणजे तेल पातळ होतं. मग बंद करून दहा मिनिटं थांबायचं, नाहीतर हात भाजतो. त्या दहा मिनिटांत चेतनाने खाली शिरून चेंबरचा, म्हणजे इंजिनाखालच्या तेलाच्या टाकीचा, नट शोधून ठेवायचा, आणि मी गोष्ट सांगायची.

"तेरा वर्षं झाली," मी म्हणालो. "पाडव्याचा दिवस. सकाळी आचऱ्याहून माझ्या मेव्हण्याचा फोन, आईला बरं नाही. आम्ही तसेच निघालो. माझी ती जुनी पांढरी गाडी होती तेव्हा. पनवेल कधी गेलं, महाड कधी गेलं, कळलं नाही. पोलादपूरच्या पुढे एक दगड उडाला तो सरळ चेंबरवर. टण्ण. लाल दिवा लागला. उतरून बघतो तर तेल सगळं रस्त्यावर."

"मग?"

"मग काय. समोर फणसाचं झाड. कोवळे फणस लागलेले. एक तोडला, चीक काढला, चेंबरच्या भोकावर लावला, वरून चिंधी. असा बसला की कंपनीतल्या वेल्डरने मान खाली घालावी."

"आणि तेल?" चेतनाने विचारलं. हसू दाबल्याचं आवाजावरून कळत होतं.

"टपरीवर खोबरेलाच्या सहा बाटल्या होत्या. टपरीवाला म्हणाला, काका, केस तर दिसत नाहीत तुम्हाला. मी म्हणालो, गाडीला आहेत. ओतल्या. गाडी अशी निघाली, यार, मऊ. आवाज नाही, काही नाही. फक्त वास. चिपळूणला पोलिसाने थांबवलं, म्हणाला, आत काय शिजतंय? संगमेश्वरपासून तीन कुत्रे मागे लागले ते पार लांज्यापर्यंत."

"कुत्रे मागच्या वेळी..." अंबादासने सुरुवात केली.

"तू गप. दिवे लागायच्या आत आचरा. गाडी अंगणात शिरली तशी तो वास माजघरात गेला. सासूबाई तीन दिवस डोळे मिटून पडलेल्या. बोलत नव्हत्या, ओळखत नव्हत्या. त्यांनी डोळे उघडले आणि पहिला शब्द काय काढला असेल? 'काय गो तळतंस?'"

चेतना गाडीखाली मोठ्याने हसली. अंबादासही हसला. सासूबाई तशाच बोलायच्या, अगदी त्याच आवाजात. गोष्टीतली ती जागा मी उत्तम करतो.

तेवढ्यात पायरीवर चेतनाचा फोन वाजला. सुगंधाच्या शेजारीच ठेवला होता.

"काकी, स्पीकरवर टाका ना, माझे हात खराब आहेत," चेतना म्हणाली. "मिथुन असेल."

मिथुन म्हणजे तिचा धाकटा भाऊ. सिन्नरला आईजवळ राहतो.

"ताई, निघालीस का?"

"नाही रे, गाडीचं ऑइल बदलतेय. अकरापर्यंत निघते. आई कशी आहे?"

"आहे. तू... घाई करू नको. जेवूनबिवून नीघ. सावकाश ये."

"बोलतेय का ती?"

"झोपलीय. सावकाश ये तू."

त्याच्या मागे कुणीतरी काहीतरी सरकवत होतं. फरशीवर प्लास्टिक घासल्याचा आवाज, एकदा, मग परत, मग परत.

सुगंधाने हातातला वाल परातीत टाकला आणि फोनकडे वाकली. "मिथुन, मी काकी बोलते. खुर्च्या कुणाच्या रे आणल्या?"

पलीकडचं सरकवणं थांबलं.

"शेजारच्यांच्या, काकी. बघायला माणसं येतायत ना. ताईला सांगा, गाडी सावकाश चालव म्हणावं."

फोन बंद झाला. सुगंधाने तो पदराला पुसला आणि परत पायरीवर ठेवला. वाल सोलायला मात्र घेतले नाहीत.

"झाली का दहा मिनिटं?" चेतनाने विचारलं.

झाली होती. मी सतरा नंबरचा पाना तिच्या हातात सरकवला, घमेलं नटाच्या बरोबर खाली आलंय का ते वाकून बघितलं, आणि नवीन फिल्टर खोक्यातून काढला. त्याच्या रबराच्या रिंगेला बोटभर नवीन तेल लावून ठेवायचं असतं, नाहीतर पुढच्या वेळी निघता निघत नाही. ते लावत मी म्हणालो, "डावीकडे फिरव. एकदा सैल झाला की हाताने काढ. आणि पाना बाजूला कर, नाहीतर तेलात पडेल."

"काका, गोष्ट संपवा आधी. आजी उठल्या, मग?"

ह्या जागी मी सुगंधाकडे कधी बघत नाही. फिल्टरकडे बघत म्हणालो, "मग काय. हिला जवळ बोलावलं. डोक्यावरून हात फिरवला. हिने फुलपात्र तोंडाला लावलं, आणि हिच्या हातचं पाणी त्या दोन घोट..."

"नाय घेतल्यान."

मला आधी वाटलं, अंबादास बोलला. पण मालवणी त्याची नव्हे.

"चेतना, तो नट फिरवू नको," सुगंधा म्हणाली. "पाना काढ. बाहेर ये आधी."

"काय झालं, काकी?"

"ह्यांची गोष्ट खोटी आहे."

"ते माहितीय हो," अंबादास म्हणाला. "सहा बाटल्या..."

"बाटल्यांचं नाही बोलत मी. आमी पोचलंवच नाय."

चेतना सरकत सरकत बाहेर आली आणि पुठ्ठ्यावर उठून बसली. केसांना माती लागली होती. पाना तिच्या हातातच होता.

सुगंधा तिच्याशीच बोलत होती, माझ्याशी नाही. आवाज वाढवला नव्हता. "माझा भाऊपण असाच बोलला होता. घाई करू नका, सावकाश या. मला कळलं नाही. हे म्हणाले, लांबचा प्रवास, तेल बदलून निघू, एक तासाचं काम. तेल बदललं, आणि नट आवळताना चेंबरचे आटे घालवले. तेल थांबेना. पाडवा, सगळी गॅरेजं बंद. दिवसभर गाडी इथेच, ह्याच फळ्यांवर. मी साडी नेसून, डबा भरून ह्याच पायरीवर बसलेली. दुसऱ्या दिवशी एसटीने पोचलो. तोवर सगळं आटपलं होतं."

एकतीस वर्षांत कंपनीत माझ्या हातून एक आटा गेला नव्हता. नट पुरेसा बसला हे हाताला कळतं. त्या दिवशीही कळलं होतं. पण एवढ्या लांबच्या वाटेला म्हणून मी वर एक पाव फेरा दिला.

ही गोष्ट मी पहिल्यांदा सांगितली ती सोसायटीच्या गणपतीत, त्याच वर्षी. कुणीतरी विचारलं होतं, वेळेवर पोचलात ना? आणि माझ्या तोंडून निघालं, पोचलो. मग कसे पोचलो ते सांगावं लागलं. सुगंधा बायकांत बसली होती. ती काही बोलली नाही. मी समजलो, तिला तसंच हवंय. दर वर्षी मी त्यात थोडं थोडं भरत गेलो. फणस, पोलीस, कुत्रे. पाणी मात्र पहिल्या दिवसापासून होतं.

"काकी, पण मिथुन तर म्हणतोय..." चेतना बोलता बोलता थांबली. फोनकडे बघत राहिली.

सुगंधा आता माझ्याकडे वळली. "खरं सांगा. काळ्या तेलावर हिची गाडी सिन्नरला पोचते की नाही?"

मी फिटर आहे. उत्तर मला साडेनऊपासून माहीत होतं.

"पोचते," मी म्हणालो.

चेतनाने हातसुद्धा धुतले नाहीत. अंबादासने मागच्या विटा काढल्या, मी हाताने खूण करत गाडी फळ्यांवरून मागे घ्यायला लावली. घड्याळात दहा वीस झाले होते. सुगंधाने गाडीच्या खिडकीतून पाण्याची बाटली आत दिली आणि म्हणाली, "फोन मधेमधे बघू नको. सरळ जा." गेटमधून वळताना चेतनाने आरशात बघितलं की नाही, मला दिसलं नाही. अंबादास गेट लावून परत खुर्चीकडे आला नाही. तिकडेच उभा राहिला.

कॅनमधलं फक्त बोटभर तेल गेलं होतं. फिल्टर माझ्या हातात होता. रिंगेला लावलेलं तेल मधासारखं स्वच्छ दिसत होतं.

सुगंधा परातीशी जाऊन बसली. एक वाल सोलला, दुसरा सोलला.

"आणि त्या दिवशी?" तिने विचारलं. "जुन्या तेलावर आपली पोचली असती?"

तेरा वर्षं तिने हे विचारू नये म्हणून मी एकेक बाटली वाढवत होतो.

"पोचली असती," मी म्हणालो.

तिने मान हलवली. मग उठून चेतनाच्या खालचा पुठ्ठा उचलला, उन्हात धरून दोन्ही बाजूंनी बघितला. तेलाचा एक थेंबही त्यावर नव्हता. तिने त्याची नीट घडी घातली आणि माझ्या पान्यांच्या पेटीवर ठेवली.