अमावस्येचा रविवार

यामिनीने शाळेच्या सहली पुष्कळ काढल्या होत्या. तोरणमाळ, उनपदेव, बसभर पोरं, उलटी करणारी पुढे बसवायची, भांडणारी वेगळी करायची, हे सगळं तिला झोपेत सांगितलं तरी जमलं असतं. पण घरातली माणसं शनिवार-रविवार समुद्रावर न्यायची म्हटल्यावर तिच्या नाकी नऊ आले. माणसं होती तीनच. ती स्वतः, थोरला भाऊ भूपेश आणि आई कौसाबाई. पण ही सहल होती ती चौथ्यासाठी, आणि तो तीन वर्षांपूर्वी तापीत वाहून गेला होता.

भाग्येश, यामिनीच्या पाठचा भाऊ. नदीकाठच्या शेतकऱ्यांची मोटर काठावर असते; वरच्या धरणातून पाणी सुटणार म्हटलं की भोंगा वाजतो, आणि ज्याची-त्याची धावपळ होते मोटर वर ओढायची. त्या दिवशीही भोंगा वाजला. भाग्येशने अंगातला निळ्या चौकड्यांचा शर्ट काढला, बाभळीच्या फांदीला अडकवला आणि तो खाली उतरला. मोटर वर आली नाही, आणि तोही आला नाही. होड्या फिरल्या, गळ टाकले, प्रकाशा गावाच्या खाली पार उकाई धरणाच्या पाण्यापर्यंत माणसं जाऊन आली. हाती लागला तो फक्त शर्ट, आणि तोही बाभळीवरचा, कोरडा ठणठणीत.

ज्याचं शरीर मिळत नाही त्याच्यासाठी पळसाच्या पानांचा पुतळा करतात, त्याला अग्नी देतात, आणि मग बाकीचे दिवस घालतात. सगळी भाऊबंदकी कौसाबाईला हे सांगून थकली. तिचं उत्तर ठरलेलं, की जिवंत पोराला जाळायचं नाही. नदीवर भोंगा वाजला की ती हातातलं टाकून उठायची. चुलीवरची भाकर करपली तरी चालेल, पण ही काठावर जाऊन उभी. गावातली लहान पोरं भोंगा ऐकून मोटरीऐवजी आधी कौसाबाईचं दार बघायला लागली होती, इतकं ते सगळ्यांच्या अंगवळणी पडलं होतं.

आणि घर अडकून पडलं होतं. ज्या घरात मेलेल्याचं करायचं राहिलंय तिथे मांडव कसा घालणार? यामिनीचं लग्न विसरवाडीच्या नवनीतशी ठरून दोन वर्षं झाली होती. हायवेला त्याचं ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान होतं. पोरगा सोन्यासारखा, थांबला होता. पण त्याची आई थांबायला तयार नव्हती, आणि खरं सांगायचं तर तिचंही काही चुकत नव्हतं. तिने निरोप धाडला होता, की पितर आटपेपर्यंत तुमच्या घरचं उरका, नाहीतर आम्हाला दुसरीकडे बघू द्या.

तो निरोप आला त्या संध्याकाळी कौसाबाई पहिल्यांदा आपणहून बोलली. अंगणात मिरच्या निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "नदी त्याले लई गई ना? मंग नदी जठे जास तठे माले लई चाला. तठे बी तो नही दखायना, तं मी मन्हा हातघाई त्याना शर्ट पानीमा सोडसू. मंग तुमले काय पुतया करना ते करा."

 भूपेश आणि यामिनी दोघांनाही ठाऊक होतं की उकाईला केवढी भिंत आहे, आणि त्या भिंतीपलीकडे नदी जाते, माणूस जात नाही. समुद्रावर भाग्येशचं काहीएक पोचलेलं नसणार. हे त्यांनी आईला सांगायला हवं होतं का? पण तीन वर्षांनी बाई "सोडसू", सोडून देईन, म्हणाली होती. दोघांनी भिंतीचं नाव काढलं नाही.

मग यामिनी तयारीला लागली. तापी समुद्राला मिळते ती सुरतेजवळ, म्हणून तिथला डुमसचा किनारा ठरला. भूपेश जिल्हा परिषदेत नोकरीला, त्याला सुटी शनिवार-रविवारचीच. आणि योग असा, की सर्वपित्री अमावस्या रविवारीच पडत होती! यामिनीने कॅलेंडरवर ते पाहिलं तेव्हा तिला भरूनच आलं. पितरांचा दिवस, भावाची सुटी, आईचा होकार, सगळं एका चौकटीत येऊन बसलं होतं. देवाला एकदाची आपली कणव आली, असं तिला वाटलं. गावाकडे कुणालाही विचारा, पितरांच्या कामाला अमावस्येसारखा दिवस नाही. नदीला काय, अमावस्या असो की पौर्णिमा, ती आपली वाहतच असते.

खोली ठरवायला तिने डुमसच्या एका हॉटेलात फोन लावला. पलीकडचा माणूस गुजरातीमिश्रित हिंदीत विचारू लागला, "बहनजी, दरिया देखने भरती में आओगे कि ओट में? भरती में पानी एकदम पास आता है."

"हमें नहाना नहीं है," यामिनी म्हणाली. "कभी भी चलेगा. बस खोली साफ चाहिए."

काका मात्र तापले. नवल काका म्हणजे भाऊबंदकीतला शेवटचा शब्द. ओट्यावर येऊन काठी आपटत म्हणाले, "दुनिया प्रकाशाले येस, नि तुमी प्रकाशा सोडीसन सुरत जाई ऱ्हायनात? घाट घरना जोडे शे, नि याहले समिंदर पाहिजे!"

आईला घाटावर न्यायला तीन वर्षं काय काय केलं, हे काकांना सांगण्यात अर्थ नव्हता. म्हणून भूपेशने सरळ थाप मारली, की आम्ही नुसते फिरायला चाललोय, आईला जरा बदल. ते गावभर झालं. पाण्याच्या टाकीजवळ एक बाई दुसरीला, यामिनीला ऐकू जाईल अशा बेतानेच म्हणाली, "भाऊ वाही गया नि बहीन समिंदर दखाले निंघनी." यामिनीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण ती हंडा उचलून चालू लागली, कारण त्या बोलण्यात एक काटा खरा होता. तिला हे सगळं भाग्येशसाठी करायचं होतं की नवनीतसाठी? रात्री अंथरुणावर पडल्यावर तिला दोन्ही चेहरे दिसत, आणि नवनीतचा आधी दिसे. त्याची तिला लाज वाटे.

शनिवारी सकाळी भूपेशने गाडी काढली. कौसाबाईने ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी आणि ठेचा बांधून घेतला होता. एका पिशवीत पळसाची पानं, नारळ. आणि मांडीवर, फडक्यातही न गुंडाळता, तो निळ्या चौकड्यांचा शर्ट, घडी घातलेला. तीन वर्षांत तिने तो धुतला नव्हता.

विसरवाडीला नवनीत हायवेवर उभा होता. चहा पाजल्याशिवाय सोडेना. त्याने वाकून कौसाबाईला नमस्कार केला, तिच्या मांडीवरचा शर्ट पाहिला आणि क्षणभर तसाच वाकलेला राहिला. भाग्येश आणि तो एका कॉलेजात होते. "माय, उद्या सांजले तुमी वापस येशात तवय मी आठेच उभा ऱ्हासू," तो म्हणाला. "सोमवारले मन्हा माय-बा येतीन, तारीख काढाले."

कौसाबाईने त्याच्या डोक्यावर हात ठेवला. "काढा बापा," ती म्हणाली.

यामिनीने खिडकीबाहेर तोंड फिरवलं. दोन वर्षांत पहिल्यांदा तिला आपल्या लग्नाच्या विचाराने हसू आलं, खरंखुरं, पोटातून.

डुमसला पोचेपर्यंत ऊन उतरलं होतं. आणि समुद्र जागेवर नव्हता! काळ्या वाळूचा, चिखलाचा माळ लांबच लांब पसरलेला, आणि पाणी पार तिकडे, चांदीच्या पट्टीएवढं. कौसाबाई कमरेवर हात ठेवून बघत राहिली.

"पानी कठे गयं वं?"

"आत गेलं, माय. समुद्र असाच असतो."

कुणीतरी पाण्यात टाकलेला झेंडूचा हार चिखलातल्या ओहोळातून आत आत चालला होता. कौसाबाई त्याच्यावर नजर ठेवून उभी राहिली, तो दिसेनासा होईपर्यंत. मग तिने माळभर नजर फिरवली, डावीकडून उजवीकडे, बाजारात हरवलेलं पोर शोधावं तशी. बराच वेळ. शेवटी तिने मान हलवली.

"नही," ती म्हणाली. "तो आठे बी नही."

भूपेशने नाक शिंकरायच्या निमित्ताने पाठ फिरवली. यामिनीने आईचा हात धरला. तो हात इतका ढिला, इतका हलका तिने कधी धरला नव्हता. बाईने खरंच सोडलं, असं तिला वाटलं, आणि ते खरंही होतं. त्या संध्याकाळी कौसाबाईने सोडलं होतं. तेव्हाच शर्ट पाण्यात दिला असता तर! पण अमावस्या उद्या होती, आणि पितरांना द्यायचं ते दुपारी द्यायचं. वेळेचा सगळा हिशेब यामिनीने घरूनच करून आणला होता.

रविवारी दुपारी पाणी जवळ आलेलं दिसलं. यामिनीला बरंच वाटलं, आईला चिखलातून चालावं लागणार नव्हतं. कौसाबाई घोटाभर पाण्यात उतरली. पळसाची पानं पसरली, त्यावर शर्ट, त्यावर नारळ. तिने शर्टाच्या कॉलरवरून एकदा अंगठा फिरवला.

"जाय बापा," ती म्हणाली. "आते जाय. मी नही बलावाव तुले."

पानं हलली, थोडी आत गेली. कौसाबाई वळली. सोडल्यावर मागे बघायचं नसतं, ही नदीकाठची रीत. तिघंही मागे न बघता चालत वर आले. नदीवर बघायचं कारणही नसतं, नदी घेऊनच जाते. भज्यांच्या गाड्यांपाशी बाकडं होतं, त्यावर बसून त्यांनी भाकरी सोडल्या. कौसाबाई चक्क जेवली. ठेचा तिखट झालाय म्हणाली. यामिनीला लग्नात हिरवी साडी घे, लाल तुला शोभत नाही, असंही म्हणाली. भूपेश मोठ्याने हसला, आणि आपण हसलो म्हणून स्वतःच दचकला.

समुद्राकडे तिघांचीही पाठ होती. आसपासची माणसं उठून वर सरकू लागली, गाडीवाल्याने चाकाखालचा दगड काढला, तरी यांच्या काही लक्षात आलं नाही. या माणसांचे कान जन्मापासून भोंग्यासाठी तयार झालेले. पाणी वाढणार असेल तर आधी कुणीतरी सांगतं, हे त्यांच्या हाडात बसलेलं. कौसाबाईच्या पायाला गार लागलं तेव्हा ती खाली बघत म्हणाली, "आठे भोंगा नही वाजत का?"



बाकड्याच्या पायाशी, फेसात आणि कचऱ्यात, निळ्या चौकड्यांचा शर्ट येऊन पडला होता. एक बाही पसरलेली. लाट मागे गेली, तो थोडा सरकला. पुढची आली आणि त्याने कौसाबाईच्या पायाला विळखा घातला.

यामिनीला हॉटेलवाल्याचा प्रश्न आठवला. भरती में कि ओट में?  अमावस्येला समुद्राला सगळ्यात मोठी भरती येते, हे पाचवीच्या पोरांना तिने स्वतः शिकवलं होतं, पुस्तकातून, चंद्राची आकृती फळ्यावर काढून. पण पितरांचा दिवस बघताना तिच्यातली बाई नदीकाठची होती. फळ्यावरचा समुद्र तिला आठवलाच नाही.

कौसाबाईने वाकून शर्ट उचलला. दोन्ही हातांनी छातीशी धरला, पाणी तिच्या लुगड्यावरून गळू लागलं.

"उना," ती म्हणाली. "दखा, वापस उना मन्हा भाग्या."

"माय, ती भरती शे," भूपेश तिच्यापुढे गुडघ्यावर बसला. पाण्यातच बसला. "समिंदरमा टाकेल समदं वापस येस, माय. कोनंबी टाका."

"समदं कठे उनं?" कौसाबाईने त्याच्याकडे पाहिलं. आवाज शांत होता, आणि तेच भयंकर होतं. "नारय उना का? पाने उनात का? एकला तोच उना. मी जाय म्हनू, तरी उना."

  यामिनी पाण्यात नारळ शोधू लागली, वेड्यासारखी, फेसात हात घालून, कागद, चपला, निर्माल्य बाजूला सारत. नारळ मिळाला असता तर आईला दाखवता आला असता. नारळ मिळाला नाही.

"संध्याकाळी पाणी परत आत जातं, माय," ती रडत म्हणाली. "काल बघितलंस ना तू? थोडं थांबू. मग पुन्हा सोडू."

"दोन दाव पोऱ्याले हाकलू का मी?" कौसाबाई म्हणाली. "चाला घर. तो वल्ला हुई गया."

तिघं परत निघाली. कौसाबाईने शर्ट पिळला, झटकला आणि वाळावा म्हणून खिडकीच्या काचेत कॉलर धरून बाहेर सोडला. वाऱ्यावर तो फुगला, आत हवा भरून त्याला छाती आली, दंड आले. ती त्याच्याकडे बघत होती आणि मधूनमधून पुटपुटत होती, की मी काल नाही कशी म्हणाले, बरं झालं तू आलास. सोनगड गेलं, नवापूर गेलं. उद्या भोंगा वाजेल तेव्हा ही पुन्हा काठावर असेल, आणि आता तिला काही सांगायची कुणाची छाती होणार नाही, हे यामिनीला कळून चुकलं होतं. आपलं लग्न मोडलं हेही तिला कळलं. सगळं तिनेच ठरवलं होतं, दिवससुद्धा.

विसरवाडीचे दिवे दिसू लागले.

"दादा," ती म्हणाली, "आठे थांबू नको."

भूपेशने मान हलवली. गाडीचा वेग कमी झाला नाही. नवनीत सांगितल्याप्रमाणे हायवेच्या कडेला उभा होता, नवा शर्ट घातलेला, हातात पेढ्यांचा पुडा. गाडी ओळखून त्याने हात वर केला. मग खिडकीतून फडफडणाऱ्या निळ्या चौकड्या त्याला दिसल्या असाव्यात, कारण गाडी त्याच्यासमोरून जाण्याआधीच त्याने हात खाली घेतला.