मेंढरांच्या मापानं

मल्हारीआप्पांनी बाभळीची फांदी ओढत आणली आणि ओढ्याकडे उतरणाऱ्या वाटेवर आडवी टाकली. बोटात गेलेला काटा ते दातांनी काढत होते, तेवढ्यात डांबरी रस्त्यावरून टँकर वळला आणि फांदीपाशी येऊन थांबला.

पूर्वी कंपन्यांचं सांडपाणी टाकणारे हे टँकर रात्री दिवे मालवून यायचे. माणूस दिसला की उलटे पळायचे. हा भर दुपारी आला होता. ड्रायव्हर सावकाश खाली उतरला, त्याने खिशातून पावती काढून आप्पांसमोर धरली.

"चाचा, रसीद है. पाँच हजार भरा है."

पावतीवर ग्रामपंचायतीचा शिक्का होता. आप्पांनी तो अंगठ्याने पुसून पाहिला.

"एका टँकरचे पाच हजार? आन् तुझा साहेब देतो?"

"साहब तो खुश है. जहाँ कायदे से देना पड़ता है, वहाँ इसका छह गुना लगता है. ऊपर से लाइन." ड्रायव्हर हसला. "जिसने भी ये रेट लगाया, भला आदमी है."

आप्पांनी फांदीचं एक टोक उचललं. दुसरं टोक ड्रायव्हरने धरलं.

"सँभाल के, चाचा. काँटा है."

टँकर उतारावरून खाली गेला. पाईपातून चहाच्या रंगाचं पाणी ओढ्यात पडू लागलं आणि त्यावर फेस धरला. ओढ्यापासून हाकेच्या अंतरावर आप्पांची विहीर होती. वस्तीवरची पाच घरं तिचंच पाणी प्यायची.

तो दर आप्पांनीच लावला होता.

पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेत हा विषय निघाला, तेव्हा बायका सगळ्यात पुढं बसल्या होत्या. टँकर सरळ बंद करा, असं त्यांचं म्हणणं. ग्रामसेविका म्हणाल्या की असल्या पाण्याचा परवाना देणं ग्रामपंचायतीच्या हातात नाही, तालुक्याला विचारावं लागेल. मग जयसिंग पाटील उठला. पाटील सरपंच नव्हता, पण सरपंच बोलण्याआधी त्याच्याकडं बघायचा.

"बंदी घातली तर चोरून येत्यात. रात्रभर राखण कोण करणार? आपण परवाना न्हाई देत. आपल्या वाटंवरनं जायाची न् ओढ्यात पाणी सोडायची परवानगी फी लावायची. आन् लावायची तर अशी, की परत तोंड दाखवायचे न्हाईत."

"किती लावायची?" मागून कुणीतरी विचारलं.

पाटलाने मान वळवून आप्पांना शोधलं. आप्पा खांबाला टेकून बसले होते. सभेत ते आजवर कधी बोलले नव्हते.

"मेंढरांचा भाव दरवर्षी आप्पा बोलतो. आपण कधी त्याचा शब्द खाली पडू दिलाय का? हा भाव पण आप्पानंच बोलावा. ओढ्याला सगळ्यात जवळ विहीर त्याची हाय. त्याच्या तोंडचं कुणाला वावगं वाटायचं न्हाई."

त्यातलं मेंढरांचं खरं होतं. दिवाळी झाली की आप्पांच्या भावकीतली मेंढरं या वाटेनं यायची आणि पाटलाच्या रानात रात्री बसायची. रानाला लेंडीखत मिळायचं आणि शेतकरी मेंढक्याला रातीचा भाव द्यायचा. तो भाव आप्पांनी बोलायचा, कारण दोन्हीकडं त्यांचीच माणसं. एकदा बोलले की कुणी घासाघीस करायची नाही, अशी रीत होती. आप्पांचा बाप असाच मेंढरं घेऊन आला होता. चार वर्षं पाटलांच्या रानात मेंढरं बसवली, पाचव्या वर्षी जयसिंगच्या वडिलांनी ओढ्याकाठचं पडीक रान त्याला दिलं. तेव्हा जयसिंग आणि मल्हारी एकाच बांधावर कैऱ्या खायचे. आजही चारचौघांत आप्पा त्याला 'पाटील' म्हणायचे, पण रानात दोघंच असले की 'जयसिंगा'.

सगळी सभा आपल्याकडं बघतेय म्हटल्यावर आप्पा खांब सोडून ताठ बसले. रानात टाकायच्या वस्तूचा एकच भाव त्यांना ठाऊक होता. तोही टाकणाऱ्याला मिळायचा. लेंडीसारख्या सोन्याला जो भाव, त्याच्या तिप्पट जर कुणाला घाण टाकायला पदरचे द्यावे लागले, तर कोण शहाणा येईल? त्यांनी मनात दोनशे मेंढरांची एक रात्र धरली आणि तिची तिप्पट केली.

"पाच हजार," ते म्हणाले. "एका टँकरला."

सभेत हशा पिकला. "आप्पा, टँकरच इकत घेता का काय!" कुणीतरी ओरडलं. पाटील मात्र हसला नाही. खाली बघत तो म्हणाला, "आप्पा बोलला. लिहून घ्या, मॅडम."

बायकांनीही हात वर केले. पाच हजार कोण देणार होतं?

गणपती उठेपर्यंत रोज दोन टँकर येऊ लागले. नवरात्रात चार. ग्रामपंचायतीत पैसा आला. देवळापुढं फरशी बसली, चौकात उंच दिवा लागला, वेशीवर कमानीचं काम निघालं. आप्पा दुकानावर गेले की पोरं म्हणायची, "आप्पा, कमानीवर तुमचंच नाव टाकू. तुमच्या कृपेनंच उभी ऱ्हातीय." ती चेष्टा होती की कौतुक, हे आप्पांना कळायचं नाही. ते तंबाखूची पुडी घेऊन मागच्या वाटेनं घरी यायचे.

दसरा झाल्यावर एके दिवशी म्हाळसाबाईंनी डाळीचं पातेलं त्यांच्यापुढं आदळलं.

"दुपारपासनं चुलीवर हाय. शिजती का बघा."

डाळ दाण्यागत टणक होती. आप्पांनी विहिरीवर जाऊन ओंजळभर पाणी नाकाशी नेलं. वास फार नव्हता. न्हाणीघरात शिळा साबण राहावा, तेवढाच. त्यांनी ओंजळ सोडली आणि हात धोतराला पुसले. त्यानंतर वस्तीवर वरवंडहून पाण्याचे जार येऊ लागले.

तीन-चार दिवसांनी संध्याकाळी ते पाटलाकडं गेले. पाटील ओट्यावर बसला होता. आप्पा पायरीवर टेकले.

"माझं चुकलं, जयसिंगा," ते म्हणाले. "मी मेंढरांच्या मापानं मोजलं. त्यांना ते काहीच न्हाई."

पाटलाने कपाळाला हात लावला.

"आरं, मला तरी काय ठावं? तू बोललास, मला वाटलं लई झाले. परवा तुझ्या हिरीचं कळलं. माझीबी हीर त्याच ओढ्यावर. कालच जेशीबी बोलवून कॅनॉलवरनं वरल्या रानात पाईप ओढून घेतली."

"मग आता ती फी?"

"ठराव झालाय. वर्षभर हलत न्हाई. पुढल्या सालाला बघू. तू मनाला लावून घेऊ नगंस. तुझ्या वस्तीला माझ्या पायपावरनं एक नळ देतो. मी तुला तहानलेला ठेवीन व्हय?"

आप्पांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी उपरण्याने नाक पुसलं. चूक आपली आणि निस्तरायला हा पुढं येतोय.

घरी म्हाळसाबाईंनी ते सगळं ऐकून घेतलं. जारचं पाणी त्या माठात ओतत होत्या.

"त्येच्या पोराच्या बसा रोज रांजणगावच्या कंपन्यांत जात्यात. सगळ्या मॅनेजरांत त्येंची ऊठबस. आन् त्याला टाकायचा भाव ठाव न्हवता?"

"बसचा न् टँकरचा काय संबंध? त्याचीबी हीर गेलीय."

"गेली असंल."

"तू माणसाला लगीच चोर ठरीवती. आगं, त्येच्या बापानं आपल्याला उभं केलं."

"बापानं केलं," म्हाळसाबाई म्हणाल्या आणि त्यांनी माठावर झाकण ठेवलं.

नळ आला नाही. आप्पांनीही आठवण दिली नाही.

दिवाळी सरली आणि हनुमंता मेंढरं घेऊन आला. हनुमंता आप्पांचा पुतण्या. तो नेहमीप्रमाणे मेंढरं विहिरीच्या डोणीकडं वळवू लागला, तेव्हा आप्पा काठी आडवी धरून उभे राहिले.

"हितं न्हाई पाजायची."

"का, आप्पा? पाणी आटलं?"

"पाणी हाय," आप्पा म्हणाले.

हनुमंता त्यांच्याकडं बघत राहिला. मग शीळ घालून त्याने मेंढरं परत वाटेला लावली. पाटलाचा निरोप आलाच होता. यंदा ओढ्याकाठच्या रानात नको, वरल्या रानात बसवा, तिथं हौदही बांधलाय.

वरलं रान टेकाडापलीकडं, कॅनॉलच्या अंगाला होतं. गुडघ्यामुळं आप्पा पावसाळाभर तिकडं फिरकले नव्हते. आज ते मेंढरांमागून हळूहळू चढले. टेकाड उतरल्यावर पुढची मेंढरं एकाएकी एका रेषेत चरू लागली. डावीकडं नांगरट होती, उजवीकडंही नांगरट, आणि मधून गवताचा सरळ पट्टा कॅनॉलपासून हौदापर्यंत गेला होता.

"हे काय, आप्पा?" हनुमंताने विचारलं. "रांगोळी काढल्यागत गवत?"

"खाली पाईप हाय. तेवढं नांगरायचं ऱ्हायलंय."

बोलता बोलता आप्पा थांबले. त्यांनी काठी रोवली. गवत मांडीला लागत होतं. वाळून पिवळं झालेलं, तुऱ्यावर आलेलं. त्याची कुसळं मेंढरांच्या लोकरीत अडकत होती. आप्पांनी वाकून एक ठोंब उपटायला पाहिलं. ते निघालं नाही. दुसऱ्या हिसक्याला मुळांसकट आलं, मुळांनी मातीचं मोठं ढेकूळ धरून ठेवलं होतं.

दसऱ्यानंतर पावसाचा थेंब पडला नव्हता. त्यानंतर उकरलेली माती अजून ढेकळांची, उघडीच राहिली असती. हे गवत मृगाच्या पहिल्या सरीला उगवलेलं होतं आणि अख्खा पावसाळा प्यालेलं होतं. त्याच्या खालची चारी त्याही आधी खणून बुजवलेली. पंधरा ऑगस्टला सभा भरली तेव्हा हे गवत गुडघ्याएवढं झालं असेल.

मेंढरं पट्ट्यावरून चरत चरत हौदाकडं गेली. आप्पा हातात ते ठोंब धरून उभे होते.

"काय झालं, आप्पा? गुडघा?"

"व्हय. गुडघाच."

पाटील हौदापाशी त्यांची वाट बघत होता. हौद काठोकाठ भरलेला, पाणी इतकं नितळ की तळाच्या सिमेंटवरच्या थापीच्या खुणा दिसत होत्या. मेंढरं ओळीनं माना घालून पीत होती.

"ये मल्हारी, ये. केवढा दमलास." पाटलाने त्यांना बसायला दगड दाखवला. मग त्याची नजर आप्पांच्या हाताकडं गेली. तिथून ती गवताच्या पट्ट्यावर गेली आणि लगेच मेंढरांकडं वळली. "जितराब बेस हाय यंदा, हनुमंता. बोल आप्पा, काय भाव बोलतोस?"

आप्पा दगडावर बसले नाहीत. त्यांनी ठोंब हौदाच्या कठड्यावर ठेवलं. मग वाकून धोतरातलं एकेक कुसळ काढू लागले.

"आप्पा?" हनुमंता म्हणाला.

"पाटलांनाच बोलू दे," आप्पा खाली बघतच म्हणाले. "माझा भाव कमी पडतो."

रानात ते तिघंच होते. 'पाटील' ऐकून जयसिंगने एकदा त्यांच्याकडं पाहिलं. त्याने टोपी काढली, डोक्यावरून हात फिरवला आणि टोपी परत घातली. मेंढरांच्या पिण्याचा आवाज येत होता.

"पाच हजार," पाटील म्हणाला. "रातीचे. जितक्या राती बसतील तितक्या."

हनुमंताचं तोंड उघडं राहिलं. असा भाव त्याच्या आज्यानंही कधी ऐकला नव्हता. त्याने आप्पांकडं पाहिलं, मग पाटलाकडं, पुन्हा आप्पांकडं. हसावं की नको, हे त्याला समजेना.

"आप्पा, घ्यायचे?"

आप्पांनी शेवटचं कुसळ काढलं, बोटांत धरून उन्हात पाहिलं आणि वाऱ्यावर सोडलं.

"घे," ते म्हणाले. "पाटील देत्यात म्हंजी पाटलांना परवडत आसंल."