बरे झाला असाल तर एक दाबा

गुरुवार किंवा रविवार असला की पालमच्या स्टँडवर आंबेटाकळीच्या काळीपिवळी जीपमध्ये पाय ठेवायला जागा नसे. गंगाखेडची माणसं, पूर्णेची माणसं, पार लोह्याकडची. कुणाचे डोळे पिवळे, कुणाची नखं पिवळी, कुणी नुसतंच धास्ती घेऊन आलेलं. आश्रुबा महाराजांचा मठ म्हणजे पत्र्याचं लांबलचक शेड, पुढं चौथरा, चौथऱ्यावर महाराज आणि त्यांच्या पुढ्यात पितळी परात. पेशंटनं हात पुढं करायचे. महाराज तळव्यांना कसलासा रस चोळायचे, वरून 'तीर्थ' ओतायचे आणि बघता बघता हातांवरून पिवळंजर्द पाणी परातीत उतरायचं.

"दिसली का कावीळ?" महाराज विचारायचे. "डाक्टरला दिसती का अशी? तो रगत काढतो, आमी रोग काढतो. आता एक ध्यानात ठिवा, सुई टोचायची न्हाई. सुई टोचली की औषध उलटलं. मग आमाला बोल लावायचा न्हाई."

ते शेवटचं वाक्य नीट ऐकून ठेवा. महाराजांची सगळी वकिली त्यात आहे.

पिवळ्या पाण्याचं गुपित तसं कधीच फुटलं होतं. पालमचे रिटायर सायन्स मास्तर दिनकरराव यांनी शाळेच्या अंगणात सगळ्यांदेखत आंब्याच्या सालीचा रस स्वतःच्या हातांना चोळला आणि वरून चुन्याची निवळी ओतली. पाणी पिवळंजर्द. हा रस आणि हा चुना, रोगाचा काही संबंध नाही, असं मास्तरांनी घसा फोडून सांगितलं. लोकांनी ऐकलं आणि घरी जाताना एकमेकांत म्हणाले, सरला कावीळ झालेलीच असणार, बरं झालं वेळेत उतरली. आता अशा लोकांपुढं मास्तरांनी काय करावं? त्यांनी कपाळावर हात मारून घेतला आणि पुन्हा म्हणून त्या वाटेला गेले नाहीत.

तरी थोडी कुजबुज उरली होती. तीही मिटली ती चौथऱ्यावर मोठा टीव्ही लागल्यापासून. महाराजांचा कारभार बघणारा हरिओम नावाचा गडी होता, गुळगुळीत बोलणारा. त्यानं कुण्या पोराकडून एक ॲप करून घेतलं. दारातच दोन पोरी टॅबलेट घेऊन बसायच्या, पेशंटचं नाव, गाव, फोन नंबर टिपायच्या. आणि टीव्हीवर दोन ओळी झळकायच्या. हिरव्या अक्षरांत 'बरे झालेले' आणि पुढं सात हजारांच्या वरचा आकडा. खाली लाल अक्षरांत 'बरे न झालेले', आणि पुढं भलं मोठं शून्य.

त्या शून्यानं मुलूख जिंकला. महाराज खोटं बोलतील, मशीन कशाला खोटं बोलेल?

पालमच्या सत्यशीलेलाही या प्रश्नाचं उत्तर देता येईना, आणि ती तर कॉम्प्युटरचं दुकान चालवणारी. दुरुस्ती, दुकानदारांचे हिशेबाचे प्रोग्राम, पोरांना क्लास, सगळं एकटीच करायची. तिचे वडील होते तोवर गंडादोरा या घराची पायरी चढला नव्हता. आता घरात ती आणि तिची माय केशरबाई. त्यात धाकटी बहीण साक्षी सातव्या महिन्यात बाळंतपणाला माहेरी आली आणि पंधरवड्यात तिचे डोळे पिवळे पडले. गावच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी डोळे बघितले, पोट बघितलं आणि आजच्या आज परभणीला न्या म्हणून चिठ्ठी दिली. केशरबाईनं ती चिठ्ठी पदराला बांधली आणि रविवारी लेकीला घेऊन आंबेटाकळी गाठली.

सत्यशीला संध्याकाळी घरी आली तेव्हा साक्षीच्या तळहाताला चुन्याचा वास येत होता. तिनं मायशी भांडण काढलं. केशरबाई शांतपणे म्हणाली, "भांडू नको. मी काय बाबाच्या तोंडावर गेले न्हाई. तुझ्याच मशीनवर शून्य लिवलंय. परभणीच्या दवाखान्यात लिवलंय का कुठं, इथं कुणीच मरत न्हाई म्हणून?"

सत्यशीलेच्याच धंद्यानं तिचं तोंड बंद केलं होतं.

बुधवारी दुपारी हरिओमचाच फोन आला. मठाचं ॲप अडकायलंय म्हणे, करून देणारा पोरगा पुण्याला गेला तो फोनच उचलत नाही. गर्दी वाढली की टॅबलेटवर इंग्रजीत 'लॉक' असं काहीतरी येतं आणि रांग थांबते. महाराजांनी त्यावरही वेळ मारून नेली होती. देवानं दार लावलंय, भजन म्हणा, उघडंल, असं सांगायचे. लोक भजन म्हणायचे आणि दार उघडायचंही. पण गुरुवार उद्यावर आला होता. एरवी सत्यशीलेनं फोन आपटला असता, पण तिला ते शून्य आतून बघायचं होतं. ती मोटारसायकलवर बसून निघाली.

दुखणं साधं निघालं. मठाचा सगळा डेटाबेस म्हणजे लॅपटॉपातली एक फाईल, लग्नाच्या एका व्हिडिओपेक्षाही लहान. दोन्ही टॅबलेट त्याच फायलीत लिहायचे. एक लिहीत असताना दुसऱ्यानं जरा दम धरायला पाहिजे, तर तो लगेच रुसून बसायचा. सत्यशीलेनं त्याला थोडं थांबायला शिकवलं, एका ओळीचं काम. देवाचं दार असं उघडलं.

मग सवयीप्रमाणे तिनं ताळा घेतला. एकूण नोंदी किती, तर नऊ हजारांच्या वर. बरे झालेले सात हजारांच्या वर. बरे न झालेले शून्य. मग बाकीची दोन हजार माणसं कुठं गेली? तिनं फायलीला विचारलं, ज्यांच्या निकालात 'बरा' नाही ते सगळे दाखव. उत्तर आलं, कुणी नाही. तिला वाटलं आपलीच चूक झाली. पुन्हा लिहिलं, पुन्हा कुणी नाही. ती कपाळाला हात लावून बसली आणि मग तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. क्लासमधल्या पोरांना दरवर्षी बजावून सांगायची तीच गोष्ट होती. रकाना कोराच असला तर तो 'बरा'ही नसतो आणि 'बरा नाही'ही नसतो. ज्याच्याविषयी काही लिहिलंच नाही, त्याला मशीन कुठल्याच बाजूला मोजत नाही.

तिनं नवा प्रश्न लिहिला. ज्यांचा निकाल कोरा आहे ते दाखव. आणि नावं धो धो खाली उतरायला लागली.

निकाल भरतं कोण, ते हरिओमनंच अभिमानानं सांगितलं. पंधरा दिवसांनी पेशंटला आपोआप फोन जातो, महाराजांच्या आवाजात. बरे झाला असाल तर एक दाबा. एक दाबला की 'बरा' अशी नोंद.

"आणि बरं न्हाई झालं तर?" तिनं विचारलं.

"दुसरं बटन कशाला ठिवायचं ताई? अशुभ असतंय ते."

हरिओम चहा सांगायला गेला तेवढ्यात तिनं कोऱ्या नावांतले नंबर फिरवले. एक बंद. एकानं दवाखान्यात जाऊन बरा झालो म्हणून सांगितलं. एकाचा भाऊ बोलला, दादा वारले, दिवाळीतच. मग गंगाखेडजवळच्या एका खेड्यातली बायनाबाई नावाची म्हातारी लागली. सून गेली म्हणाली, आठवा महिना होता, लेकरूही पोटातच गेलं. "फोन आल्ता, एक दाबा म्हणून. काय दाबू बाई? कट केला. आजवर कुणी इचारलं न्हाई, तूच पैली."

रात्री तिनं मायला सगळं सांगितलं. केशरबाईनं ऐकून घेतलं, पण मान हलवली नाही. फोनवर कुणी काहीही बोलतं. उद्या मठातली दुसरी बैठक आहे, एवढी होऊ दे, मधेच सुई टोचली तर उलटंल. जावयाचाही पुण्याहून तोच निरोप. सकाळी साक्षीनं मायला भलत्याच नावानं हाक मारली आणि पुन्हा डोळे मिटले. झोप येतीय म्हंजे औषध लागायलंय, म्हणून केशरबाईला उलट बरंच वाटलं. सत्यशीलेला मात्र रडू कोसळलं. मग तिनं डोळे पुसले आणि म्हणाली, "चल, मीच नेते मठात. त्या टीव्हीवरच दाखवते तुला. तिथं पटलं तर तिथूनच परभणीला जायचं."

हरिओमनं तिला लॅपटॉपशी बसू दिलं. दुरुस्ती तपासते म्हणाली होती. शेड गच्च भरलं होतं. साक्षी बाहेर रिक्षात आडवी, केशरबाई पुढच्या रांगेत. आणि टीव्हीवर दोन ओळींखाली अचानक तिसरी ओळ उमटली. 'ज्यांचं पुढं काय झालं कुणी विचारलं नाही', आणि समोर दोन हजारांच्या वर आकडा. मग नावं, गावं, एकाखाली एक, सावकाश.

सत्यशीला उठून उभी राहिली.

"गुरुजीनं वर्गात येऊन म्हणलं, जे आज आले न्हाईत त्यांनी हात वर करा. किती हात वर होतील?" ती म्हणाली. "एकबी न्हाई. मग गुरुजीनं लिवलं, गैरहजर शून्य. हे शून्य तसं हाय. जो बरा झाला त्यानं बटन दाबलं. जो मेला तो कुठून दाबंल? त्याचा रकाना कोरा, आन् कोरा रकाना ही मशीन मोजतच न्हाई."

एक शेतकरी उठला. माझं पोरगं इथंच बरं झालं, ते काय खोटं का, त्यानं विचारलं, आणि त्याचा राग खराच होता. सत्यशीलेनं त्याला नीट सांगितलं की खोटं नाही दादा, पण बहुतेक कावीळ चार-सहा आठवड्यांच्या आरामानं आपली आपण उतरते, चुना लावला तरी आणि नाही लावला तरी. ज्याची आपण उतरत नाही त्याला दवाखाना लागतो, आणि नेमकी तीच माणसं इथं सुईच्या भीतीनं अडकून पडतात.

तोवर हरिओमनं टीव्हीची वायर उपटली होती. महाराजांनी डोळे मिटले, हात वर केला आणि काय बोलावं! म्हणाले, कोरी जागा म्हंजे आकाश. जे मशीनला लिवता येत न्हाई ते देवाच्या वहीत लिवलेलं असतं. या पोरीनं देवाच्या वहीत हात घातला, तिला क्षमा करा. आणि लोकांनी, अहो, लोकांनी क्षमा केली. मागून कुणीतरी भजन धरलं. दोघं-तिघं उठून गेले, त्यांच्या जागी मागची माणसं पुढं सरकली.

फक्त केशरबाई जागची हलली नाही. तिनं लेकीकडं बघितलं आणि विचारलं, "त्या कोऱ्यात पोटुशा किती होत्या?"

"मशीनला ते इचारलंच न्हाई, माय. तसा रकानाच ठिवला न्हाई कुणी. एक मला ठावं हाय, बायनाबाईची सून."

केशरबाई उठली. पदराची गाठ सोडून तिनं ती चिठ्ठी बाहेर काढली आणि काही न बोलता रिक्षाकडं चालायला लागली.

परभणीच्या डॉक्टरांनी चिठ्ठीवरची तारीख बघितली, मग साक्षीकडं बघितलं. गरोदरपणात ही कावीळ फार वाईट वळण घेते, त्या दिवशीच आणायला हवं होतं, म्हणाले. रागावले नाहीत. रागावले असते तर केशरबाईला सोसलं असतं. त्यांनी रात्रभर शिकस्त केली. दुसऱ्या दिवशी दुपारी साक्षी गेली, लेकरू तिच्या आधी गेलं होतं. सव्वीस वर्षांची पोर, सासरहून आलेला डोहाळजेवणाचा हिरवा चुडा अजून हातात होता.

दहाव्या-बाराव्या दिवशी घरात केशरबाईचा फोन वाजला. मठात तिनं तोच नंबर दिला होता. महाराजांचा आवाज, मागं टाळ. रामकृष्ण हरी, साक्षी, आपण बरे झाला असाल तर एक दाबा.

केशरबाई फोन डोळ्यांपुढं धरून बटनांकडं बघत राहिली.

"दोन कुठंय गं, शीले? दोन दाबलं तर काय व्हतंय?"

"दोन न्हाई ठिवलेलं, माय."

फोनमधला आवाज तेच तेच म्हणत राहिला आणि शेवटी आपोआप बंद पडला. केशरबाईनं एक दाबलं नाही, तेवढंच तिच्या हातात होतं.

आंबेटाकळीचा टीव्ही पुन्हा लागला आहे. लॅपटॉपला आता पासवर्ड आहे. हिरवा आकडा दर आठवड्याला वाढतो, लाल ओळीतलं शून्य जागचं हलत नाही, आणि लोक ते बघून हात जोडतात. सत्यशीलेचं म्हणणं ऐकलेल्यांपैकी कितीजण शहाणे झाले, हे मला विचारू नका. मी गेल्या रविवारी स्टँडवर होतो, काळीपिवळीत पाय ठेवायला जागा नव्हती.

म्हणून तुमच्यापुरतं सांगतो. डोळे पिवळे दिसले तर दवाखान्यात जा, आणि घरात पोटुशी बाई असेल तर त्याच दिवशी जा, बैठक होऊ द्यायची वाट बघू नका. आणि कुणी शून्य दाखवलं, मग ते पाटीवर असो की मशीनवर, तर हात जोडायच्या आधी एवढंच विचारा, जे परत आले नाहीत त्यांना फोन कुणी केला? साक्षीच्या नावापुढचा रकाना अजून कोराच आहे.